मेंदूज्वर आणि पाठीतले पाणी

मी कला शाखेची विद्यार्थिनी. मराठी आणि समाजशास्त्र हे माझे विषय. तेव्हा वार्षिक अंकात मी एका आजारावर का लिहावे, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर एका कागदात आहे. गेल्या श्रावणात एका रात्री तो कागद माझ्या हातात आला आणि तो मला वाचता आला नाही.

माझा धाकटा भाऊ आठ वर्षांचा आहे. त्याला दोन दिवस ताप होता. पावसाळ्यात घरोघरी ताप असतोच, म्हणून आम्ही तापाची गोळी देत राहिलो. तिसऱ्या दिवशी तो कपाळ धरून रडू लागला, दोनदा उलटी झाली, आणि संध्याकाळी दिवा लावला तसा ओरडला, "ताई, ट्यूब बंद कर." गल्लीतल्या डॉक्टरांनी त्याला हनुवटी छातीला लावायला सांगितली. ती लागेना. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "घरी नेऊ नका. आत्ताच्या आत्ता अॅडमिट करा."

द्वारका चौकातली संध्याकाळची गर्दी या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तिथे आमची रिक्षा अडकून उभी होती आणि भाऊ आईच्या मांडीवर डोळे मिटून पडला होता. दवाखान्यात पोचलो, खाट मिळाली. डॉक्टर मॅडमनी त्याला तपासले आणि म्हणाल्या, "मेंदूज्वराची शंका आहे. पाठीतले पाणी काढून तपासावे लागेल. इथे सही करा."

बाबांनी कागद घेतला, उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडे दिला. "तू वाच. तू कॉलेजात जातेस." कागद इंग्रजीत होता. अक्षरे सगळी लागत होती, अर्थ एकाही वाक्याचा लागत नव्हता. आत्या शेजारीच होती. तिने घरून निघताना मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या होत्या. ती म्हणाली, "पाठीतलं पाणी काढलं की पोरगं लुळं पडतं. आमच्या गावात झालंय तसं." सगळे माझ्याकडे बघू लागले. घरात शिकलेली मी एकटीच. मी म्हटले, "सकाळपर्यंत थांबू या."

ते वाक्य मी न समजून उच्चारले होते. मला भीती वाटली, हे खरे कारण. त्यानंतर दोन तासांनी एका सिस्टरने आम्हाला बाकावर बसवून साध्या मराठीत सगळे समजावले, आणि बाबांनी सही केली. भाऊ आज ठणठणीत आहे. तथापि ते दोन तास माझ्या मनातून जात नाहीत. म्हणून मी नंतर मिळेल तिथून वाचले, डॉक्टरांना विचारले, आणि जे समजले ते इथे मांडत आहे.

एक शब्द, तीन आजार

आधी भाषेचा घोळ. आपण मराठीत 'मेंदूज्वर' हा एकच शब्द निदान तीन निरनिराळ्या आजारांना वापरतो. वर्तमानपत्रात 'मेंदूज्वराचा रुग्ण' असे छापून आले की त्यातला कोणता, हे बातमीवरून कळत नाही.

आपला मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू तीन आवरणांत गुंडाळलेला असतो. बाहेरचे आवरण जाड आणि चिवट. मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे तलम. आणि सर्वांत आतले मेंदूच्या प्रत्येक घडीला चिकटून बसलेले. मधल्या आणि आतल्या आवरणांच्या दरम्यान स्वच्छ पाण्यासारखा एक द्रव खेळता असतो. या आवरणांना सूज येते तेव्हा त्याला मेनिंजायटिस म्हणतात. मराठी परिभाषेत त्याला 'मस्तिष्कावरणशोथ' असा भारदस्त शब्द आहे. मान वाकवली की ही सुजलेली आवरणे ताणली जातात आणि वेदना होते. म्हणून शरीर मानेचे स्नायू आपोआप आखडून धरते. भावाची हनुवटी छातीला लागत नव्हती ती यामुळे.

ही सूज जिवाणूंमुळे आली तर तो पहिला आजार. न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझा-बी हे त्यातले मुख्य जिवाणू. उपचार न झाल्यास हा आजार बहुधा जीव घेतो, आणि वाचलेल्या मुलांपैकी काहींना बहिरेपण, आकडी किंवा मतिमंदत्व मागे ठेवतो. क्षयाच्या जंतूंचा मेंदूज्वरही याच घराण्यातला, मात्र तो दबक्या पावलांनी, आठवडे घेत येतो.

सूज विषाणूंमुळे आली तर तो दुसरा आजार, म्हणजे व्हायरल मेनिंजायटिस. लक्षणे सुरुवातीला तीच असतात. पण बहुतेक मुले सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होतात. त्याच्या बहुतेक प्रकारांवर खास असे औषध नाही आणि सहसा त्याची गरजही पडत नाही. विश्रांती, पाणी, वेदनाशामक आणि डॉक्टरांची नजर एवढे पुरते. अगदी तान्ह्या बाळांत मात्र तो गंभीर होऊ शकतो.

तिसरा आजार आवरणांचा नसून प्रत्यक्ष मेंदूच्या सुजेचा. त्याला एन्सेफलायटिस किंवा मेंदूदाह म्हणतात. यात मूल बरळते, ओळख विसरते, झटके येतात, बेशुद्ध होते. डासांमुळे पसरणारा जपानी मेंदूज्वर हा यातलाच. आणि यातल्या एका विषाणूला तर आपल्या महाराष्ट्रातल्या गावाचे नाव आहे. १९६५ साली नागपूर भागात तापाची साथ आली असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांना रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. चांदीपुरा या गावावरून त्याचे नाव 'चांदीपुरा विषाणू' पडले. (तीच संस्था आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते.) तो वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो. अनेक वर्षे त्याच्याकडे किरकोळ म्हणून पाहिले गेले. मग २००३ साली आंध्र प्रदेशात मेंदूदाहाची साथ आली. ३२९ मुले आजारी पडली आणि १८३ दगावली. तपासणीत या साथीशी चांदीपुरा विषाणूचा संबंध आढळला. त्याच सुमारास महाराष्ट्रातही त्याचे रुग्ण सापडले. २०२४ च्या पावसाळ्यात मुख्यतः गुजरातेत तो पुन्हा उसळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत भारतात तीव्र मेंदूदाहाचे २४५ रुग्ण व ८२ मृत्यू झाले, आणि त्यातल्या ६४ जणांत चांदीपुरा विषाणू असल्याची खात्री झाली. या आजारात काही मुले लक्षणे दिसल्यापासून एक-दोन दिवसांत दगावतात.

म्हणजे एक आजार घरच्या घरी बरा होण्याजोगा, दुसरा काही तासांत निर्णय मागणारा, तिसरा त्याहून घाईचा. आणि आपण तिघांनाही हाक एकाच नावाने मारतो. 'मेंदूज्वर' ऐकून आत्या घाबरली यात तिचा दोष नव्हता.

विषाणूंचे कूळ

मुलांतल्या व्हायरल मेनिंजायटिसला बहुतांशी जबाबदार असतात ते आतड्यात वाढणारे विषाणू. त्यांना एंटेरोव्हायरस म्हणतात. त्यांच्या शोधाची गोष्ट रंजक आहे. १९२५ साली स्वीडनमधले बालरोगतज्ज्ञ आर्विद वालग्रेन यांनी अशा मुलांचे वर्णन केले की ज्यांना मेनिंजायटिसची सर्व लक्षणे होती, परंतु पाठीतल्या पाण्यात एकही जिवाणू वाढत नव्हता, आणि मुले आपोआप बरी होत होती. कारण कुणालाच माहीत नव्हते. पुढे १९४८ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॉक्सॅकी नावाच्या गावच्या मुलांकडून एक विषाणू मिळाला; त्याला त्या गावाचे नाव मिळाले, जसे आपल्या चांदीपुराला मिळाले. नंतर असे आणखी काही विषाणू सापडले की ते आतड्यात राहतात एवढे कळले, पण ते कोणता रोग करतात हे कळेना. शास्त्रज्ञांनी त्यांना 'अनाथ' म्हटले आणि त्या शब्दासकट आद्याक्षरे जुळवून 'एको' हे नाव केले. आज हे अनाथ व्हायरल मेनिंजायटिसचे एक मोठे कारण म्हणून ओळखले जातात.

याच कुळातला सर्वांत कुप्रसिद्ध विषाणू आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. तो म्हणजे पोलिओ. भारतात पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात आढळला, आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. थोरला भाऊ गेला. धाकटे मात्र अजून आपल्या नळावर, शाळेत आणि अंगणात आहेत. सुदैवाने ते पुष्कळ सौम्य आहेत. ज्यांना त्यांची लागण होते त्यांतल्या बहुतेकांना काहीच होत नाही, किंवा दोन दिवस ताप येऊन जातो. थोड्यांनाच मेनिंजायटिस होतो. ते पसरतात विष्ठेतून आणि न धुतलेल्या हातांतून, काही वेळा खोकल्या-शिंकेतूनही. आणि आजार बरा झाल्यावरही मुलाच्या विष्ठेतून काही आठवडे बाहेर पडत राहतात.

दुसरे एक कारण म्हणजे गालगुंड. गाल सुजणे, तोंड उघडता न येणे, आणि त्यावर लावलेला लेप, हे चित्र आपल्या घरांतून परिचित आहे. पण गालगुंडाचा विषाणू मेंदूच्या आवरणांपर्यंतही जातो. लस नव्हती त्या काळात गालगुंड झालेल्या शंभर मुलांपैकी सुमारे दहापर्यंत मुलांना मेनिंजायटिसची लक्षणे दिसत.

मग दाखल का करायचे?

इथे माझ्या मनात जो प्रश्न आला तो वाचकांच्याही मनात येईल. विषाणूचा आजार आपोआप बरा होतो, औषधही नाही, मग मुलाला दवाखान्यात का ठेवायचे? मजुरी बुडवून चार दिवस खाटेखाली का झोपायचे?

कारण दारात आलेल्या मुलाकडे पाहून, तो कोणता मेंदूज्वर आहे, हे कितीही अनुभवी डॉक्टरला खात्रीने सांगता येत नाही. ताप, डोकेदुखी, उलटी, आखडलेली मान, उजेड सहन न होणे ही लक्षणे दोन्हींकडे तीच. जिवाणूंचा असेल तर प्रत्येक तास मोलाचा. म्हणून डॉक्टर वाईट धरून चालतात आणि प्रतिजैविकाची इंजेक्शने लगेच सुरू करतात. ती विषाणूवर काहीही काम करत नाहीत. पण आजार जिवाणूंचा असेल तर तीच जीव वाचवतात. मग पाठीतले पाणी प्रयोगशाळेत ठेवून जिवाणू वाढतात का, ते दोन-तीन दिवस पाहायचे. वाढले नाहीत आणि मूल सुधारले, तर इंजेक्शने बंद करून घरी सोडायचे.

थोडक्यात, व्हायरल मेनिंजायटिसचे मूल दवाखान्यात राहते ते विषाणूंवर उपचार घेण्यासाठी नव्हे. आजार नक्की कोणता, हे कळेपर्यंत ते राहते. आणि हे लवकर कळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे तीच सुई, जिची आत्याला आणि मला भीती वाटत होती.

पाठीतले पाणी म्हणजे काय

सिस्टरने मला सांगितलेली पहिली गोष्ट अशी, की हे पाणी साठवलेले नसते. ते वाहते असते. मोठ्या माणसात कोणत्याही वेळी ते सुमारे १५० मिलिलिटर असते, आणि शरीर दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवे तयार करते. म्हणजे चोवीस तासांत तीन-चार वेळा सगळे पाणी बदलते. मुलांत ते थोडे कमी असते. तपासणीसाठी घेतात ते जेमतेम चमचाभर. तेवढे शरीर काही तासांत भरून काढते.

दुसरी गोष्ट जागेची. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. तान्ह्या बाळात किंचित खाली. सुई घालतात ती त्याच्याही खाली, कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या फटीत. तिथे मज्जारज्जू नसतोच. घोड्याच्या शेपटीसारखा मज्जातंतूंचा झुपका पाण्यात तरंगत असतो, आणि सुई येताच त्यातले तंतू सहसा बाजूला सरकतात. मुलाला कुशीवर निजवून गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीकडे घ्यायला लावतात, म्हणजे मणक्यांमधल्या फटी उघडतात. ही पद्धत १८९१ साली जर्मनीतले डॉक्टर हाइनरिक क्विंके यांनी रूढ केली. आज ती सव्वाशेहून अधिक वर्षे जुनी आहे.

यात धोका अजिबात नाही असे म्हणणे खोटे ठरेल. काहींचे नंतर एक-दोन दिवस डोके दुखते, कंबर दुखते. क्वचित रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होतो. कवटीतला दाब फार वाढलेला असेल तर पाणी काढणे घातक ठरू शकते. म्हणून डॉक्टर आधी मुलाची शुद्ध आणि डोळे तपासतात, शंका आली तर स्कॅन करतात आणि सुई पुढे ढकलतात. पण योग्य मुलात, योग्य हातांनी केलेली ही तपासणी मुलाला लुळे करत नाही.

मग आत्याच्या गावातले ते मूल? मी यावर पुष्कळ विचार केला. ज्या मुलांचे पाणी काढत, ती आधीच मेंदूज्वराने किंवा पोलिओने आजारी असत. त्यातली काही पुढे लुळी पडत, ती आजारामुळे. परंतु घरच्यांच्या डोळ्यांपुढे राहात असे ती सुई. आजार दिसत नाही, सुई दिसते. म्हणून दोष सुईच्या माथी आला असावा. आत्याने सांगितले ते खोटे नव्हते. तिने पाहिले तेच सांगितले; फक्त कारण आणि परिणाम यांची गाठ चुकीच्या जागी बसली होती.

आता ते पाणी काय सांगते ते पाहा. जिवाणूंचा आजार असेल तर ते बहुधा गढूळ येते. त्यात पू तयार करणाऱ्या पांढऱ्या पेशी शेकड्यांनी-हजारांनी असतात, प्रथिने वाढलेली असतात आणि साखर घटलेली असते. विषाणूंचा आजार असेल तर पाणी सहसा नितळ. पेशी वाढलेल्या, पण बेताच्या आणि मुख्यतः लिम्फोसाइट प्रकारच्या. साखर जवळपास नेहमीइतकी. क्षयाचा असेल तर पेशी लिम्फोसाइटच, मात्र साखर कमी आणि प्रथिने बरीच जास्त. अगदी सुरुवातीला हे नियम कधी कधी चकवतात, म्हणून जिवाणू वाढवून पाहण्याची तपासणी सोबत हवीच. मोठ्या प्रयोगशाळांत पीसीआर तपासणी होते. करोनाच्या काळात हा शब्द आपल्या ओळखीचा झाला. ती काही तासांत विषाणूचे नावच सांगते. तसे झाले तर इंजेक्शने लवकर थांबवता येतात आणि मूल लवकर घरी जाते.

शेजारची खाट

भावाचे पाणी नितळ आले. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून निरोप आला, की जिवाणू वाढलेले नाहीत. इंजेक्शने बंद झाली. पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो.

शेजारच्या खाटेवर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे आईवडील खेड्यातून आले होते. त्यांनाही आमच्यासारखाच कागद मिळाला होता; त्यांनी सही दिली नाही. त्यांना समजावणारे घरचे कुणी शिकलेले नव्हते, आणि मी तेव्हा स्वतःच नुकतीच समजत होते. डॉक्टरांनी मुलावर उपचार थांबवले नाहीत. पण पाण्याची तपासणी नसल्यामुळे आजार जिवाणूंचा नाही असे म्हणायला आधार उरला नाही, आणि पूर्ण दहा दिवसांची इंजेक्शने देणे भाग पडले. आम्ही निघालो तेव्हा त्या मुलाचा ताप उतरला होता, तो केळे खात होता. त्याचे वडील मला म्हणाले, "अजून पाच दिवस आहेत म्हणे. तिकडं कांद्याची लावणी खोळंबली."

दोघांनाही बहुधा एकच आजार होता. पण 'बहुधा' या शब्दाच्या भरवशावर डॉक्टर औषध थांबवू शकत नाहीत. त्या मुलाला नक्की काय झाले होते हे कुणालाच कधी कळणार नाही.

मी सकाळपर्यंत थांबू म्हटले होते, त्यात हेही होते. इंजेक्शने सुरू झाल्यावर जितका उशीर होतो, तितके पाण्यातले जिवाणू वाढून दिसण्याची शक्यता कमी होते. मग तपासणीचे उत्तर धूसर येते. आमचे दोन तास निभावले. रात्र गेली असती तर कदाचित आम्हीही दहा दिवस तिथेच असतो.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

समाजशास्त्राच्या तासाला आम्हाला शिकवले जाते, की आकडा कुठून आला ते आधी विचारा. इथे ते तंतोतंत लागू पडते.

इंग्लंडमध्ये व्हायरल मेनिंजायटिसमुळे दाखल झालेल्या मुलांच्या १९६८ पासूनच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या आहेत. त्यातून दोन गोष्टी दिसल्या. १९८८ साली त्या देशात गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस सर्व मुलांना देणे सुरू झाले, आणि त्यानंतर गालगुंडामुळे होणारा मेनिंजायटिस जवळजवळ दिसेनासा झाला. याउलट अलीकडच्या वर्षांत तान्ह्या बाळांच्या दाखल होण्याचा आकडा वाढला. रोग खरोखर वाढला का? त्याचे एक मोठे कारण असे मानले जाते, की पीसीआरमुळे जो विषाणू पूर्वी सापडत नव्हता तो आता सापडतो. पूर्वी 'ताप' म्हणून घरी गेलेले बाळ आता 'व्हायरल मेनिंजायटिस' म्हणून नोंदले जाते.

आपल्याकडे हाच प्रकार उलट बाजूने होतो. माझ्या भावाच्या कागदावर 'व्हायरल मेनिंजायटिस' लिहिले गेले, कारण त्याचे पाणी तपासले. शेजारच्या मुलाच्या कागदावर ते लिहिता येणार नव्हते. एकाच खोलीतले, बहुधा एकाच आजाराचे दोन रुग्ण. वहीत मात्र त्यातला एकच मोजला गेला. सरकार तीव्र मेंदूदाहाच्या रुग्णांवर लक्ष ठेवते, आणि चांदीपुरासारखी साथ लवकर ओळखण्यासाठी ते अत्यंत आवश्यक आहे. पण अशी पाळत तरी कशावर चालते? रुग्णांच्या नमुन्यांवरच. जिथे सह्या होत नाहीत तिथे नमुना नाही, आणि जिथे नमुना नाही तिथे गावात काय पसरले आहे ते कुणाला सांगता येत नाही.

आपल्या हातात काय आहे

पहिली गोष्ट लस. हिमोफिलस-बीविरुद्धचे संरक्षण पेंटाव्हॅलंट लशीत आहे. ती आपल्या देशात २०११ च्या अखेरीस केरळ व तमिळनाडूत सुरू झाली आणि नंतर सर्व राज्यांत आली. न्यूमोकॉकसची लस २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर मोफत मिळू लागली. जन्मल्यावर देतात ती बीसीजी लस लहान मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून वाचवते. गोवर-रुबेलाची मोहीम महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. मी तेव्हा शाळेत होते, रांगेत उभी राहून दंडावर सुई घेतली आणि अंगठ्यावर शाईची खूण घेऊन घरी आले. त्या लशीत गालगुंडाचा समावेश नव्हता. गालगुंडासह तिन्हींची लस बालरोगतज्ज्ञ सुचवतात, पण ती खासगीत विकत घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट साबण. एंटेरोव्हायरसना स्निग्ध वेष्टन नसते, त्यामुळे अल्कोहोलचे सॅनिटायझर त्यांच्यावर म्हणावे तसे चालत नाही. शौचानंतर, बाळाची दुपटी बदलल्यावर आणि जेवणापूर्वी साबण-पाण्याने हात चोळून धुणे हाच खरा उपाय. पावसाळ्यात पिण्याचे पाणी उकळावे, आणि आजारी मुलाचा पेला वेगळा ठेवावा.

तिसरी गोष्ट लक्षणे ओळखणे. तापाबरोबर मान आखडली, उजेड सोसेना, उलट्या थांबेनात, मूल अति झोपाळू झाले, बरळू लागले, झटका आला, किंवा अंगावर दाबल्यावर न जाणारे लाल-जांभळे ठिपके आले, तर सकाळची वाट पाहू नये. तान्ह्या बाळाची मान आखडलेली दिसत नाही. ते दूध ओढत नाही, सतत किरकिरते किंवा मलूल पडते, कधी टाळू फुगते.

चौथी गोष्ट आपल्या महाविद्यालयाशी संबंधित आहे, आणि माझ्या मते तीच महत्त्वाची. आपल्यापैकी अनेक जण घरातले पहिले शिकलेले आहेत. रेशन कार्डाचा अर्ज, बँकेचा कागद, दवाखान्यातली सही, सगळे आपल्याकडे येते. घरच्यांना वाटते, की हिला सगळे कळते. आपल्याला कळत नाही हे कबूल करायची लाज वाटते, आणि त्या लाजेपोटी आपण 'थांबू या' म्हणतो. त्या रात्री मी एवढेच म्हणायला हवे होते, "मॅडम, मला हा कागद समजला नाही. मराठीत सांगाल का?" पाच मिनिटांचे काम होते.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या आपल्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. यंदा असे संमतीपत्राचे कागद सोप्या मराठीत करून, डॉक्टरांकडून तपासून घेऊन, जवळपासच्या दवाखान्यांना द्यावेत अशी माझी सूचना आहे. हे कला शाखेचेच काम आहे. नमुना म्हणून मी त्या कागदाचे मराठी करून पाहिले. 'मस्तिष्कावरणशोथ' हा शब्द त्यात घातला नाही.

'तुमच्या मुलाच्या मेंदूवरच्या आवरणाला सूज आल्याची शंका आहे. ती कशामुळे आली हे पाहण्यासाठी कमरेतून चमचाभर पाणी सुईने काढायचे आहे. ते पाणी शरीरात पुन्हा तयार होते. सुई घालतो तिथे मज्जारज्जू नसतो. नंतर एक-दोन दिवस डोके किंवा कंबर दुखू शकते. याहून मोठा त्रास क्वचित होतो. ही तपासणी केली नाही तरी उपचार करू, पण औषध किती दिवस द्यायचे हे नक्की सांगता येणार नाही. काही विचारायचे असेल तर आत्ताच विचारा.'

बाबांना मी हे वाचायला दिले. त्यांनी एकेक अक्षर लावत ते पूर्ण वाचले आणि आत्याला वाचून दाखवले. आत्याने ऐकून घेतले आणि एकच विचारले, "चमचा मोठा की छोटा?" मी म्हटले, "छोटा."